बायोस चिप फ्लॅशरॉमने अपडेट करायची असेल तर: लिहिण्याआधी जुना मजकूर वाचून ठेवा

मांजराकाठ, लातूर

नमस्कार मंडळी. वळवाचा पाऊस सुरू झाला की दुकानात एक ठरावीक गिऱ्हाईक वाढतं. मदरबोर्डला वीज मिळते, पंखा फिरतो, पडद्यावर मात्र काही येत नाही. विचारलं की कळतं, बायोसचं (मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचं) अपडेट लावलं होतं आणि मधेच लाईट गेली. असे बरेच बोर्ड वाचवता येतात. पण चिपमधला जुना मजकूर कुणी वाचून ठेवलेला नसेल तर बोर्ड सुरू होऊनही अर्धवटच राहतो. त्यासाठीच हा धागा काढतोय.

चिपची ओळख आधी. हल्लीच्या बहुतेक बोर्डांवर बायोस आठ पायांच्या एका छोट्या एसपीआय फ्लॅश चिपमध्ये असतो. तिच्यावर २५क्यू६४ असं छापलेलं असेल तर ती ६४ मेगाबिटची, म्हणजे ८ एमबीची. १२८ असेल तर १६ एमबी. या चिपमध्ये लिहिताना १ चा ० करता येतो, पण ० चा परत १ करायचा तर अख्खा तुकडा पुसावा लागतो. सगळ्यात छोटा तुकडा बहुधा ४ केबीचा असतो. आधी पुसायचं आणि मग लिहायचं, या दोन पावलांच्या मधे लाईट गेली की तो तुकडा कोराच राहतो. प्रोसेसर सुरू होताना पहिली सूचना चिपच्या अगदी शेवटच्या भागातून उचलतो. तिथे काही नसेल तर पुढे काहीच होत नाही.

फ्लॅशरॉम ही मुक्तस्रोत युटिलिटी आहे. कोअरबूट, म्हणजे पूर्वीचं लिनक्सबायोस, या मुक्तस्रोत बायोसच्या प्रकल्पातून ती पुढे आली. चिप ओळखणं, वाचणं, पुसणं, लिहिणं आणि पडताळणं ही तिची कामं. लिनक्स चालू असताना ती बोर्डावरच्या चिपशी थेट बोलू शकते, किंवा बाहेरच्या प्रोग्रामरमधून, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या छोट्या यंत्रातून. (कमांड इंग्रजी अक्षरांतच टाइप करायच्या, इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय.)

माझा क्रम सांगतो. 'फ्लॅशरॉम -पी इंटर्नल -आर जुना१.बिन' (बोर्डावरची चिप आतून वाच) अशी एक प्रत घ्यायची, मग जुना२.बिन नावाने दुसरी. दोन्हींचा शा२५६ बेरीज-अंक (फाईलच्या मजकुरावरून निघणारा ठसा) काढायचा. एका अक्षराचाही फरक आला तर तिथेच थांबायचं. जुळले की ती फाईल पेनड्राईव्हवर आणि दुसऱ्या मशीनवर टाकायची. हे सगळं झाल्यावरच '-डब्ल्यू', म्हणजे लिहिणं. लिहिताना फ्लॅशरॉम जुना आणि नवा मजकूर ताडून पाहतं, फरक असलेलेच तुकडे पुसतं आणि शेवटी स्वतःच पडताळणी करतं. 'व्हेरिफाइड' हा शब्द दिसेपर्यंत मशीनला हात लावायचा नाही.

आणि मुळात अपडेट लागतं का, हे आधी स्वतःला विचारा. नवा प्रोसेसर टाकायचाय, सुरक्षेची त्रुटी बुजवायचीय, किंवा इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरांसाठी ऑगस्ट २०२४ मध्ये ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोसमधून आला तसं ठोस कारण आहे, तर जरूर करा. नवीन आवृत्ती दिसली एवढंच कारण असेल तर चालत्या मशीनची चिप पुसू नका.

गोदाकाठचा, नांदेड

माहिती लई कामाची आहे भाऊ. पण एक समजंना. बायोसमध्ये शिरलं की तिथंच अपडेटची सोय असती. पेनड्राईव्ह लावला, फाईल निवडली, झालं. मग फ्लॅशरॉम कामून?

मांजराकाठ, लातूर

चांगला बोर्ड, चांगली चालणारी बायोस, कंपनीने दिलेली फाईल असेल तर तीच सोय वापरा. मीही तेच करतो. ईझी फ्लॅश, क्यू-फ्लॅश, एम-फ्लॅश या सोयी फाईल त्याच बोर्डाची आहे का हे तपासतात. फ्लॅशरॉम ते तपासत नाही. चिपच्या आकाराची फाईल दिली की ते मुकाट्याने लिहून मोकळं होतं. लिनक्सवर चालणारं ब्रँडेड मशीन असेल तर आधी एफडब्ल्यूयूपीडी (लिनक्सवरून असे अपडेट लावणारं साधन) बघा. कंपनीने अपडेट तिथे दिलं असेल तर डिजिटल सही तपासून लागतं.

फ्लॅशरॉम लागतं ते वेगळ्या वेळी. बोर्ड सुरूच होत नाही आणि चिपवर बाहेरून लिहायचंय. कोअरबूट टाकायचंय. किंवा कंपनीच्या सोयीने अपडेट करायच्या आधी जुन्या मजकुराची प्रत हवी आहे, कारण यातल्या बऱ्याच सोयी आधीची पूर्ण प्रत काढून देत नाहीत. या शेवटच्या कामासाठी मी ते सगळ्यात जास्त वापरतो. लिहायचं कंपनीच्या सोयीने, पण वाचून ठेवायचं फ्लॅशरॉमने.

लॅपटॉपचं मात्र वेगळं आहे. त्यात कीबोर्ड, बॅटरी आणि पंखा सांभाळणारा एम्बेडेड कंट्रोलर असतो आणि बऱ्याचदा तो हीच चिप वापरत असतो. आतून वाचायला गेलं तरी तो बिथरू शकतो. फ्लॅशरॉमचे लेखकसुद्धा लॅपटॉपसाठी कंपनीचीच सोय वापरा म्हणतात.

सेवाकेंद्र_सेलू

दादा, मी सेलूला आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दोन मशीन आहेत. एक जुनं एच८१ चिपसेटचं, आसुसचं बोर्ड. ते मागच्या महिन्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं होतं. त्याने अपडेट लावताना लाईट गेली आणि आता ते बंद आहे. "बोर्ड गेला, नवीन घ्या" म्हणाला. पीकविम्याची गर्दी सुरू झाली की एका मशीनवर भागत नाही, शेतकरी दिवस दिवस रांगेत बसतात. हे बोर्ड वाचेल का? आणि दुसऱ्या मशीनचं अपडेट कधी करावंच लागलं तर ते इन्व्हर्टरवर करू का?

मांजराकाठ, लातूर

ताई, बोर्ड टाकून देऊ नका. आसुसच्या त्या काळच्या अनेक बोर्डांवर बायोसची चिप सॉकेटमध्ये बसवलेली असते. मोठी, आठ पायांची, चार इकडे चार तिकडे. तशी असेल तर सोल्डरिंगची गरजच नाही, उपसून बाहेर वाचता येते. फोटो टाका.

इन्व्हर्टरचं म्हणाल तर घरातला इन्व्हर्टर लाईट गेल्यावर बॅटरीवर जायला क्षणभर घेतो. त्याला मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते चालू ठेवा, पण तरीही अपडेटसाठी कॉम्प्युटरचा वेगळा यूपीएस मधे लावा. बॅटरी जुनी असेल तर आधी मशीन चालू ठेवून भिंतीवरचं बटण बंद करा आणि दहा मिनिटं टिकतं का बघा. आभाळ भरून आलं असेल, व्होल्टेज वरखाली होत असेल, तर त्या दिवशी नको. आपल्याकडे मे महिन्यात सकाळची वेळ बरी, चारनंतर वारं सुटतं.

दुसऱ्या मशीनवर विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी सोय) चालू आहे का तेही बघा. बायोस बदलला की टीपीएममधले (सुरक्षा-चिपमधले) मोजमाप बदलतात आणि पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. अपडेटआधी बिटलॉकर तात्पुरतं थांबवायचं आणि ती की कागदावर लिहून ठेवायची. केंद्रातल्या मशीनवर लोकांच्या अर्जांची कागदपत्रं असतात, तिथे हे विसरून चालत नाही.

जुनी_पाटी, जालना

मी बोर्ड दुरुस्तीतच आहे, म्हणून हाताच्या कामाबद्दल लिहितो. सीएच३४१ए नावाचा छोटा काळा यूएसबी प्रोग्रामर सगळीकडे मिळतो, संभाजीनगरच्या पैठण गेटलाही मिळेल. स्वस्त आहे, फ्लॅशरॉम त्याला ओळखतं, '-पी सीएच३४१ए_एसपीआय' एवढंच द्यायचं. पण त्या काळ्या पाटीत एक दोष आहे आणि तो माहीत नसताना कुणी वापरू नये. चिपच्या वीजपुरवठ्याच्या पायाला ती ३.३ व्होल्ट देते, पण डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट येतात. ३.३ ची चिप ते बऱ्याचदा सोसते, पण ते तिच्या मर्यादेबाहेरचं आहे. क्लिप (चिपचे पाय वरून पकडणारा चिमटा) लावून चिप बोर्डावरच वाचत असाल तर ते ५ व्होल्ट त्या रेषेवर जोडलेल्या चिपसेटपर्यंतही पोचतात. मल्टिमीटर लावून एकदा स्वतः मोजा. व्होल्टेज निवडायची सोय असलेली पाटी घ्या, किंवा रास्पबेरी पाय वापरा. त्याच्या पिना ३.३ च्याच असतात आणि फ्लॅशरॉम त्याच्या एसपीआयवरून चालतं.

दुसरं, चिप १.८ व्होल्टची तर नाही ना? हे नावावरून कळतं. विनबाँडमध्ये २५क्यू६४एफव्ही ही ३.३ ची, २५क्यू६४एफडब्ल्यू ही १.८ ची. शेवटचं अक्षर बघायचं. मॅक्रोनिक्समध्ये एमएक्स२५एल म्हणजे ३.३ आणि एमएक्स२५यू म्हणजे १.८. गिगाडिव्हाइसमध्ये जीडी२५एलक्यू असेल तर १.८. बऱ्याच लॅपटॉपांत आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटच्या काही बोर्डांवर १.८ ची चिप सापडते. तिला ३.३ दिले तर ती जळू शकते. मधे १.८ चं अडॅप्टर लावायचं. अक्षरं फार बारीक असतात, मोबाईलचा टॉर्च आडवा धरला की उमटून दिसतात. वरून उजेड टाकला तर काहीच वाचता येत नाही.

क्लिप लावताना एसएमपीएसची (वीजपुरवठ्याच्या डब्याची) वायर काढायची, बटण सेल काढायचा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्यायची. क्लिपची लाल तार चिपवरच्या ठिपक्याकडे. ठिपका म्हणजे पाय क्रमांक १. उलटी लावली तर वीज भलत्याच पायात जाते. सॉकेटची चिप उपसायच्या आधी तिचा मोबाईलवर फोटो काढा, खाच कुठल्या बाजूला होती ते परत बसवताना लागतं. उपसताना एका बाजूने उचकटू नका, दोन्ही टोकांनी थोडं थोडं उचला, नाहीतर पाय वाकतात. प्रोग्रामरच्या सॉकेटवर २४ आणि २५ असे दोन भाग छापलेले असतात. आपली चिप २५ वर.

मिटमिटा_लिनक्स, छत्रपती संभाजीनगर

दादा, मी इंजिनिअरिंगला आहे. उबुंटूवर '-पी इंटर्नल' दिलं तर मेमरीपर्यंत पोचता येत नाही अशी चूक येते. सुडो (प्रशासकाचे अधिकार) लावूनही तेच. ते सुटलं तर पुढे चार चिपची नावं दाखवून एक निवडा म्हणतंय. कुठलंही दिलं तर चालेल का?

मांजराकाठ, लातूर

पहिलं: नवे कर्नल हार्डवेअरच्या मेमरीला हात लावू देत नाहीत. बूट करताना ग्रबमध्ये (लिनक्स सुरू करणाऱ्या मेनूत) 'आयओमेम=रिलॅक्स्ड' हा पर्याय एकदापुरता द्या. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारी सोय) चालू असेल तर तोही आड येतो, तेवढ्यापुरता बंद करावा लागेल. (बिटलॉकरवाल्या मशीनवर याआधीही तीच काळजी.) काम झालं की दोन्ही पूर्ववत करा, कायमचं उघडं ठेवू नका.

दुसरं: कुठलंही नाव नाही चालणार. एमएक्स२५एल६४०५ सारख्या चिपांच्या वेगवेगळ्या पिढ्या एकच ओळखक्रमांक सांगतात, पण त्यांच्या पुसण्याच्या पद्धतीत फरक असू शकतो. चिपवर छापलेलं नाव वाचा आणि तेच '-सी' पुढे द्या. जुनी_पाटी म्हणाले तसा टॉर्च आडवा धरून.

तुझं बोर्ड इंटेलचं असेल तर आणखी एक अडचण येणार. चिपचे आत भाग पाडलेले असतात: सुरुवातीला डिस्क्रिप्टर (या भागांचा नकाशा), मग मॅनेजमेंट इंजिन (चिपसेटमधल्या इंटेलच्या वेगळ्या छोट्या प्रोसेसरचा प्रोग्राम), इंटेलचं लॅन असेल तर त्याचा भाग, आणि बायोस. मॅनेजमेंट इंजिनचा भाग बहुतेक बोर्डांवर आतून वाचायलाच कुलूप असतं, त्यामुळे पूर्ण चिप वाचायला गेलं की अडतं. '--आयएफडी -आय बायोस' दिलं की फक्त बायोसचा भाग वाचला जातो.

पण नीट लक्ष दे. अशा वाचनातून निघणारी फाईल पूर्ण चिपच्याच आकाराची असते, बाकीच्या जागी मात्र काहीच नसतं. आकार बघून ती पूर्ण प्रत वाटते. उद्या बोर्ड बंद पडला आणि तीच फाईल प्रोग्रामरने अख्ख्या चिपवर लिहिली, तर डिस्क्रिप्टर आणि मॅनेजमेंट इंजिन दोन्ही पुसले जातील. म्हणून त्या फाईलच्या नावातच 'फक्तबायोस' असं लिही.

गोदाकाठचा, नांदेड

एवढं करण्यापरीस त्याच बोर्डाची पूर्ण फाईल नेटवर मिळतीच की. दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर तर रोज टाकतेत. ती चढवली की बोर्ड चालू होतंय, मी बघितलंय.

मांजराकाठ, लातूर

चालू होतं, खरंय. पण त्या फाईलमध्ये दुसऱ्याच मशीनचा अनुक्रमांक आणि यूयूआयडी (मशीनचा एकमेव ओळखक्रमांक) असतो. इंटेलच्या लॅनचा मॅक पत्ताही (नेटवर्कवरची ओळख) त्यात असतो. एकाच फाईलने सुरू केलेले दोन बोर्ड एका लॅबमध्ये आले की दोघांचा पत्ता एकच, आणि नेटवर्क अधूनमधून का तुटतं हे शोधत बसायचं. ब्रँडेड मशीनमध्ये विंडोजच्या परवान्याची की बायोसमध्येच असते, तीही जाते. गिऱ्हाईकाने तिचे पैसे मोजलेले असतात, आणि आपण ती पुसली हे त्याला कधीच कळत नाही. मला हे पटत नाही.

आणि ज्याने फाईल टाकली त्याने आत काय ठेवलंय हे कोण तपासतं? बायोसमध्ये शिरलेलं काही विंडोज नव्याने टाकलं तरी जात नाही. फाईल कंपनीच्या साइटवरूनच घ्या.

उलट मेलेल्या चिपचीसुद्धा लिहायच्या आधी प्रत घ्या. लाईट गेली तेव्हा काही तुकडेच कोरे झालेले असतात. अनुक्रमांक, पत्ता, की या गोष्टी बऱ्याचदा त्या खराब चिपमध्ये शाबूत सापडतात.

सेवाकेंद्र_सेलू

फोटो टाकला आहे. चिप सॉकेटमध्येच आहे! परभणीला भावाच्या मित्राकडे व्होल्टेज निवडायची सोय असलेला प्रोग्रामर मिळाला. चिपवर विनबाँड २५क्यू६४एफव्ही वाचलं, म्हणजे ३.३ ची. पण दोन वाचनं जुळत नाहीत. आणि कंपनीच्या साइटवरून घेतलेली फाईल .कॅप आहे, ८३,९०,६५६ बाइटची. फ्लॅशरॉम म्हणतं आकार जुळत नाही. अजून काहीच लिहिलेलं नाही.

जुनी_पाटी, जालना

लिहिलं नाही हे फार चांगलं केलंत ताई. वाचन जुळत नाही म्हणजे पायाचा संपर्क नीट नाही. चिपचे पाय खोडरबराने हलके घासा, मऊ ब्रशने झटका, परत बसवा. यूएसबीची लांब वायर असेल तर काढा, प्रोग्रामर थेट मशीनला लावा. मग वाचलेली फाईल हेक्स एडिटरमध्ये (एकेक बाइट दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये) उघडा. सगळीकडे एफएफ किंवा सगळीकडे ०० असेल तर चिप वाचलीच गेली नाही. पहिल्या १६ बाइटनंतर ५ए ए५ एफ० ०एफ असे चार बाइट दिसले तर ती इंटेलच्या डिस्क्रिप्टरची खूण. म्हणजे सुरुवात तरी बरोबर आहे.

मांजराकाठ, लातूर

आकाराचं गणित सोपं आहे. ८ एमबीची चिप म्हणजे ८३,८८,६०८ बाइट. तुमची फाईल बरोबर २,०४८ बाइटने मोठी आहे. .कॅप फाईलच्या सुरुवातीला तेवढा मथळा असतो, तो कंपनीच्या अपडेट सोयीसाठी असतो, चिपवर जायचा नसतो. यूईएफआयटूल या बायोसची फाईल उघडणाऱ्या प्रोग्राममध्ये ती उघडून कॅप्सूलचा, म्हणजे .कॅपच्या वेष्टनाचा, 'बॉडी' भाग वेगळा काढा. निघालेली फाईल ८३,८८,६०८ ची झाली आणि जुनी_पाटींनी सांगितलेले चार बाइट त्याच जागी दिसले, तर ती चिपवर लिहायला योग्य.

त्या आधी जुळलेल्या जुन्या प्रतीतून तुमच्या बोर्डाचा अनुक्रमांक आणि पत्ता नव्या फाईलमध्ये घ्यायचा आहे. आसुसच्या या पिढीत तो एका छोट्या मॉड्यूलमध्ये असतो, एफडी४४ एडिटर या प्रोग्रामने हलवता येतो. जमलं नाही तर दोन्ही फाईली मला व्यक्तिगत निरोपातून पाठवा, मी करून देतो. इथे उघड टाकू नका, त्यात तुमच्या मशीनची ओळख आहे.

मिटमिटा_लिनक्स, छत्रपती संभाजीनगर

आणि बोर्डावर आतूनच लिहिताना मधेच चूक आली तर?

मांजराकाठ, लातूर

मशीन बंद करायचं नाही. रिस्टार्ट तर नाहीच. फ्लॅशरॉमही तेव्हा मोठ्या अक्षरांत तेच सांगतं. चालू असलेलं लिनक्स रॅममध्ये असतं, चिप कोरी झाली तरी ते चालत राहतं. जोपर्यंत वीज आहे तोपर्यंत संधी आहे. आधी घेतलेली जुनी प्रत त्याच कमांडने परत लिहून बघायची, 'व्हेरिफाइड' आलं तर सुटलो. तरी चूक येत असेल तर पडद्यावरचा पूर्ण मजकूर जपून ठेवायचा, मशीन तसंच यूपीएसवर चालू ठेवून विचारायचं. कधी कधी चिपचा काही भाग लिहिण्यापासून राखून ठेवलेला असतो, ते त्या मजकुरात लिहिलेलं असतं. हे खरं तर लिहायच्या आधीच वाचायला हवं. वाचतानाच फ्लॅशरॉम सांगतं की अमुक भागावर लिहिता येणार नाही. ती ओळ दिसली तर आतून लिहायच्या फंदात पडू नकोस.

सेवाकेंद्र_सेलू

पाय घासल्यावर तीन वाचनं तंतोतंत जुळली. ते चार बाइटही दिसले. कोरा भाग शेवटाकडे सापडला, अनुक्रमांक शाबूत आहे. दादांनी फाईल तयार करून दिली, लिहिली, 'व्हेरिफाइड' आलं. चिप परत बसवली, सेल टाकला. पहिल्यांदा दोनदा आपोआप बंद-चालू झालं, मग पडद्यावर लोगो आला! तारीख-वेळ सेट करायला सांगतंय.

मांजराकाठ, लातूर

अभिनंदन ताई! तारीख आधी नीट भरा, ती चुकीची राहिली तर ब्राउझर सरकारी साइट उघडताना प्रमाणपत्राची चूक दाखवेल. मग सेटअपमध्ये हार्डडिस्कचा मोड पूर्वी एएचसीआय होता की आयडीई ते बघा, नाहीतर विंडोज निळा पडदा दाखवेल. जुळलेली जुनी प्रत आणि आता लिहिलेली फाईल, दोन्ही बोर्डाच्या नावाने पेनड्राईव्हवर ठेवा.

सेवाकेंद्र_सेलू

एएचसीआय होतं, तेच ठेवलं. विंडोज सुरू झालं, बायोमेट्रिकही चाललं. दुसऱ्या मशीनच्या बायोसची प्रत रविवारी केंद्र बंद असताना घेते. त्याची चिप सोल्डर केलेली आहे, तर आतूनच वाचू ना?

जुनी_पाटी, जालना

हो, डेस्कटॉप आहे तर आधी आतूनच बघा. मॅनेजमेंट इंजिनचं कुलूप लागलं तर पूर्ण प्रतीसाठी क्लिप लागेल. मी पुढच्या आठवड्यात परभणीला येतोय, क्लिप आणि १.८ चं अडॅप्टर दोन्ही सोबत आणतो. तोवर चिपवरचं नाव वाचून इथे लिहा.